तीस मैलांची नभोवाणी

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपक यंत्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. या शक्तीचा स्वच्छ आणि खात्रीचा आवाज सुमारे तीस मैलांपर्यंत पोहोचे. मुंबई हा मध्यबिंदू धरून नकाशावर तीस मैलांच्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्याचा जवळजवळ निम्मा भाग अरबी समुद्रातच पडतो. उरलेल्या निम्म्यात ठाणे, कल्याण, पनवेल, अलिबाग एवढी गावे येतात. खंडाळ्याचा घाटदेखील त्या रेषेच्या पलीकडे राहतो. हिंदुस्थानातील नियमित नभोवाणीचा आरंभ म्हणून जो दिवस आपण मानतो, त्या दिवशी हिंदुस्थानच्या वाट्याला आलेली भूमी एवढीच होती.

या वर्तुळाची परीक्षा मुंबईत बसून नीटशी होत नाही. आत बसलेल्याला परीघ दिसत नसतो. म्हणून या व्याख्यानासाठी मी मुद्दाम एक बाहेरचे गाव निवडले आहे: बरगी. नर्मदेच्या दक्षिणेला, जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. आज बरगी म्हटले की नर्मदेवरील मोठे धरण डोळ्यांपुढे येते; परंतु ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत, त्या काळी ते गोंदिया आणि जबलपूर यांना जोडणाऱ्या अरुंद रुळांच्या सातपुडा रेल्वेवरील एक लहानसे स्थानक होते. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. पुढे जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात राहिली. राजधानी नागपूर, १९३६ पासून उच्च न्यायालयही नागपूरला. बरगीच्या शेतकऱ्याचा खटला अपिलात गेला, तर त्याला सातपुडा ओलांडून नागपूरच गाठावे लागे.

हे गाव जबलपूरपासून तीस मैलांच्या पुष्कळ आत आहे. नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे दोनशेवीस किलोमीटर, तर मुंबईपासून आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. एवढी तीन अंतरे ध्यानात ठेवली म्हणजे पुढची कथा समजण्यास सोपी जाईल.

प्रथम लहरींविषयी दोन शब्द. आरंभीची ही सर्व लहान केंद्रे मध्यम लहरींवर चालत. आज ज्याला आपण एएम म्हणतो तीच ही पद्धत. प्रक्षेपकातून एक अखंड विद्युतलहर निघते आणि बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे तिची उंची कमीअधिक होत राहते. ऐकणाऱ्याच्या यंत्राने ही उंचीची चढउतार वेगळी काढली की आवाज पुन्हा हाती येतो. हे वेगळे काढणे इतके सोपे आहे की त्याला विजेचीही गरज लागत नाही. शिशाच्या गॅलेना नामक खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार, झाडाला बांधलेली लांब तार, एक टोक जमिनीत पुरलेले आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र, एवढ्या सामग्रीवर जवळचे केंद्र ऐकू येई. मात्र ते जवळचेच असावे लागे. दूरचे ऐकावयाचे तर काचेच्या नळ्यांचा संच हवा, आणि त्याच्यासोबत विजेची जोडणी किंवा अवजड बॅटऱ्या हव्यात. त्या काळी अशा संचाची किंमत कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होई.

मध्यम लहरींचा दुसरा गुण अधिक चमत्कारिक आहे. दिवसा त्या जमिनीला धरून चालतात आणि जमीन त्यांना हळूहळू गिळून टाकते. डोंगर आणि कोरडी, खडकाळ भूमी तर अधिकच. आकाशाकडे गेलेला भाग सूर्याच्या तेजाने तयार झालेल्या आयनांबराच्या खालच्या थरात जिरून जातो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परावर्तित होऊन शेकडो मैल पलीकडे उतरतात. म्हणून जे केंद्र दुपारी पन्नास मैलांवर ऐकू येत नाही, ते रात्री तीनशे मैलांवर खरखरत का होईना, कानी पडते. स्थानिक केंद्र हे अशा रीतीने दिवसा स्थानिक असते. रात्री ते कोणाच्या अंगणात जाऊन उतरेल याचा नेम नसतो.

या शास्त्राची हौस आपल्याकडे कंपनीच्या किंवा सरकारच्या आधी काही व्यक्तींना लागली. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने तारखात्याच्या साह्याने मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यास बसून ऐकला. तो एका गव्हर्नरापुरता होता, तेव्हा त्याला नभोवाणी म्हणावे की मोठ्या माणसाची करमणूक म्हणावे, हा प्रश्नच आहे. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबाने कार्यक्रम सुरू केले. त्याच १९२३ साली जबलपूर आणि नागपूर येथे झेंडा सत्याग्रह चालला होता. एकीकडे काही हौशी मंडळी हवेतून आवाज पाठविण्यात गुंतलेली, दुसरीकडे रस्त्यावरून झेंडा नेण्यासाठी लोक तुरुंगात जात असलेले, असे ते वर्ष. या दोन गोष्टींची गाठ पडण्यास पुष्कळ अवधी लागावयाचा होता.

मद्रासची हकीकत थोडी निराळी आहे आणि माझ्या मते अधिक बोधक आहे. तेथे सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने १९२४ च्या मे महिन्यात रेडिओ क्लब निघाला आणि ३१ जुलैपासून चाळीस वॅटच्या यंत्रावर कार्यक्रम सुरू झाले. चाळीस वॅट म्हणजे घरातील एका साध्या दिव्याएवढी शक्ती! पैशाअभावी १९२७ च्या ऑक्टोबरात क्लब थांबला. परंतु त्याने आपले यंत्र भंगारात न काढता मद्रास नगरपालिकेच्या स्वाधीन केले. त्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी मुंबईच्या कंपनीची गोष्ट पुरी करू.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी कंपनी होती. तिने मुंबईनंतर २६ ऑगस्ट १९२७ रोजी कलकत्त्याचे केंद्र उघडले. दोन केंद्रे उभारण्यात भांडवलाचा मोठा भाग खर्ची पडला. उत्पन्नाचे मुख्य साधन म्हणजे परवान्याची फी. एका संचाला वर्षाकाठी दहा रुपये, त्यांतील आठ कंपनीला. १९२७ च्या अखेरीस साऱ्या हिंदुस्थानात परवाने साडेतीन हजारांच्या आसपास होते, आणि १९२९ संपले तरी ते आठ हजारांवर गेले नाहीत. आता हिशेब करून पाहावा. आठ हजार परवान्यांचे आठ आठ रुपये म्हणजे वर्षाला चौसष्ट हजार; महिन्याला साडेपाच हजारांहूनही कमी. कंपनीचा खर्च आरंभी महिना तेहतीस हजारांच्या घरात होता. काटकसर करून तो चोवीस हजारांवर आणला. आयात होणाऱ्या संचांच्या किमतीवर मिळणारा हिस्सा जमेस धरला तरी ही खिंड बुजणारी नव्हती. शिवाय परवाना न काढता ऐकणारे होतेच. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले.

या दिवाळ्याचे कारण सामान्यतः ‘हिंदी लोकांचे दारिद्र्य’ असे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कंपनी विलायती धाटणीची होती. श्रोता म्हणजे संच विकत घेऊ शकणारा, परवाना काढणारा शहरी गृहस्थ, मग तो युरोपीय असो वा सधन हिंदी, अशीच तिची कल्पना होती. एका चावडीत एक संच ठेवून त्याभोवती शंभर माणसे बसतील, हा विचार तिच्या जमाखर्चात बसणाराच नव्हता. कारण शंभर माणसे आणि परवाना एक! तीस मैलांच्या वर्तुळातील लाखो लोकांपैकी तिने मोजली ती काही हजार घरे. वर्तुळ लहान होते म्हणून कंपनी बुडाली नाही. वर्तुळातल्या माणसांकडे तिचे लक्षच गेले नाही, म्हणून बुडाली.

सरकारने १ एप्रिल १९३० पासून ही केंद्रे आपल्याकडे घेतली, पण फारशा उत्साहाने नव्हे. मंदीचे दिवस होते. १९३१ च्या ऑक्टोबरात केंद्रे बंद करण्याचा निर्णयही झाला. त्याविरुद्ध ओरड झाली, विशेषतः कलकत्त्याकडून, आणि नोव्हेंबरात तो मागे घ्यावा लागला. १९३२ मध्ये सरकारने संचांवरील आयात जकात दुप्पट केली. योगायोगाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनहून बी.बी.सी.ने साम्राज्यातील दूरस्थ श्रोत्यांसाठी लघुलहरींवर सेवा सुरू केली. येथील युरोपीय मंडळींनी ती ऐकण्यासाठी भराभर संच घेतले आणि जकातीचे उत्पन्न वाढले. आपली नभोवाणी तगली ती काही अंशी लंडनच्या आवाजाच्या जोरावर, हे कबूल केले पाहिजे.

आता मद्रासकडे वळू. ज्या १ एप्रिल १९३० रोजी सरकारने दिवाळखोर कंपनीचा वारसा स्वीकारला, त्याच दिवशी मद्रास नगरपालिकेने क्लबाने दिलेल्या यंत्राच्या आधारे आपली नियमित सेवा सुरू केली. सायंकाळी दोन तास कार्यक्रम. सुटीच्या दिवशी सकाळी संगीत. नगरपालिकेच्या शाळांसाठी पाठ. मरीनावर आणि उद्यानांत ध्वनिवर्धक लावलेले होते. संध्याकाळी समुद्रावर हवा खाण्यास आलेला माणूस वाळूत बसून गाणे ऐके. त्याला संच नको, परवाना नको. ही सेवा १९३८ च्या जूनपर्यंत, म्हणजे ऑल इंडिया रेडिओचे केंद्र तेथे सुरू होईपर्यंत, आठ वर्षांहून अधिक चालली. सहा लाखांचे भांडवल गोळा करणारी कंपनी तीन वर्षांत आटोपली, आणि एका नगरपालिकेचे केंद्र त्याच्या तिपटीने टिकले! याचे इंगित नगरपालिकेच्या श्रीमंतीत नाही. तिला दिवे, पाणी आणि शाळा यांप्रमाणेच गाणेही नागरिकांना द्यावयाचे होते, आणि ते कोणाला द्यावयाचे हे तिला ठाऊक होते.

म्हैसूरची गोष्टही याच जातीची. तेथे मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या राहत्या घरातून तीस वॅटच्या यंत्रावर केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे ते म्हैसूर संस्थानाने चालविले. १९५७ साली सबंध देशाच्या नभोवाणीने जे नाव धारण केले, ते एका प्राध्यापकाच्या घरातून आलेले आहे. आमच्या मराठीत ‘नभोवाणी’ हा शब्द रुळला होता आणि तो आजही कानाला गोड लागतो. तरी ‘आकाशवाणी’ या शब्दाचे हे साधे कुळ कळल्यावर त्याच्याशी भांडण्याचे मन होत नाही.

संस्थानांनी या कामात जो वाटा उचलला, त्याची आपल्या इतिहासात पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. निजामाच्या हैदराबादेत ‘दख्खन रेडिओ’ होता, बडोद्यास गायकवाडांचे केंद्र होते, त्रावणकोरचे त्रिवेंद्रम येथे १९४३ पासून चालू होते. मराठी श्रोत्याच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाचे होते ते निजामाचे औरंगाबाद केंद्र. मराठवाड्यात मराठी भाषेत बोलणारे एक केंद्र अशा रीतीने स्वातंत्र्यापूर्वीच अस्तित्वात आले होते, मग त्यामागचा राजकीय हेतू काहीही असो. १९५० मध्ये हैदराबादबरोबर तेही आकाशवाणीकडे आले आणि पुढे बंद करण्यात आले. अखिल भारतीय आराखड्यात एका जुन्या गावठी केंद्राला जागा उरली नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु गेले ते काही केवळ यंत्र नव्हते.

हा आराखडा कसा ठरला, ते पाहणे अगत्याचे आहे. कारण बरगीसारख्या गावांचे भवितव्य तेथेच ठरले. १९३५ च्या ऑगस्टमध्ये बी.बी.सी.चे लायोनेल फील्डन नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले. ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. फील्डन यांच्या विनंतीवरून बी.बी.सी.चे एक अभियंते एच. एल. कर्क यांनी १९३६ च्या आरंभी देशाची पाहणी करून अहवाल दिला. त्यांचा भर मध्यम लहरींवर होता: निरनिराळ्या प्रदेशांत केंद्रे उभारावीत आणि प्रत्येकाने आपापला प्रदेश सांभाळावा. त्यानंतर ऑगस्टमध्ये मुख्य अभियंता म्हणून सी. डब्ल्यू. गॉयडर आले आणि त्यांनी हिशेब उलटा मांडला. उपलब्ध रकमेत मध्यम लहरींची केंद्रे देशाचा एक कोपराच व्यापतील. उलट दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे दहा दहा किलोवॅटचे लघुलहरी प्रक्षेपक बसविले तर देशाच्या बहुतेक भागात काही ना काही ऐकू येईल. शिवाय वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत आकाशातील विजा मध्यम लहरींवर जो कडकडाट घालतात, त्याचा उपद्रव लघुलहरींवर पुष्कळ कमी.

अभियंता म्हणून गॉयडर यांचे म्हणणे बिनतोड होते. चाळीस लाख रुपयांत खंडप्राय देश व्यापावयाचा, तर दुसरा मार्ग दिसत नव्हता. परंतु या निर्णयाची किंमत कोणी दिली? लघुलहरी गॅलेनाच्या खड्यावर येत नाहीत. त्यांना नळ्यांचा उत्तम संच लागतो. म्हणजे आवाज सगळीकडे पोहोचला, पण ऐकणारा मात्र अधिक पैसेवाला असावा लागला. मुंबईच्या लघुलहरी १९३८ च्या फेब्रुवारीपासून सातपुड्यावरून जाऊ लागल्या. बरगीच्या आकाशात त्या होत्या यात शंका नाही. प्रश्न होता तो त्या खाली उतरवून घेण्याच्या साधनाचा. आणि त्यांतून जो आवाज येई, तो शेकडो मैलांवरचा. त्याला बरगीचा पाऊस ठाऊक नव्हता, जबलपूरच्या बाजारातला गव्हाचा भाव ठाऊक नव्हता. देशभर एकच आवाज पोहोचविणे आणि प्रत्येक मुलखाला स्वतःचा आवाज देणे, ही दोन भिन्न कामे आहेत. एक साधले म्हणजे दुसरे साधतेच असे नाही, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

स्वातंत्र्य आले तेव्हा फाळणीनंतर भारताकडे सहा केंद्रे उरली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशाच्या भूभागापैकी अडीच टक्के आणि लोकसंख्येपैकी अकरा टक्के एवढेच त्यांचे क्षेत्र. सबंध देशात रेडिओसंच पावणेतीन लाख. नकाशाच्या मधोमध असलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडात एकही केंद्र नव्हते. १९३९ च्या मार्चमध्ये काँग्रेसचे प्रसिद्ध त्रिपुरी अधिवेशन जबलपूरजवळ नर्मदाकाठी भरले. देशाच्या राजकारणाला कलाटणी देणाऱ्या या घटनेच्या जागी प्रांताचे स्वतःचे असे ध्वनिक्षेपण मुळीच नव्हते.

सरदार पटेल यांच्याकडे गृहखात्याबरोबर नभोवाणीचेही खाते होते. त्यांच्या कारकिर्दीत लहान लहान यंत्रे आणि तात्पुरत्या जागा घेऊन पथदर्शक केंद्रे उघडण्याचा झपाटा सुरू झाला. १९४८ च्या जानेवारीत पाटणा आणि कटक, जुलैच्या पहिल्या तारखेस गुवाहाटी-शिलाँग, आणि १६ जुलै १९४८ रोजी नागपूर. पुन्हा एकदा शक्ती लहान, पुन्हा एकदा मध्यम लहर. मुंबईच्या पहिल्या वर्तुळापासून एकवीस वर्षांनी आपण फिरून तेथेच आलो होतो. फरक एवढाच की या वेळी केंद्र कोणासाठी, याचे उत्तर अगोदर ठरलेले होते.

नागपूर केंद्राला दोन भाषा बोलावयाच्या होत्या. प्रांतच दुभाषी: एका अंगाला वऱ्हाड-नागपूरची मराठी, दुसऱ्या अंगाला महाकोशलची हिंदी. या दोन प्रवाहांचा संगम पाहावयाचा तर एका कुटुंबाकडे पाहावे. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हे मूळचे मराठी घरातले. जबलपुरात त्यांनी काही काळ शिक्षकी केली, नंतर नागपुरास आले आणि तेथे नभोवाणीच्या वृत्तविभागातही काम केले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी. एक भाऊ हिंदीत लिहिणारा, एक मराठीत. दोघांचे नागपूर मात्र एक. या केंद्राचा स्वभाव सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला आढळत नाही.

आता बरगीचा हिशेब पुन्हा मांडू. दोनशेवीस किलोमीटर अंतर, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि लहान शक्तीचा प्रक्षेपक. दिवसा या मार्गाने आवाज येणे अशक्य. दुपारचा किंवा सांजवेळेच्या आधीचा कार्यक्रम बरगीसाठी जणू झालाच नाही. सूर्यास्तानंतर, आयनांबराची कृपा असेल तर, नागपूर ऐकू यावे. पण तेही कधी चढत, कधी विरत. ज्या राजधानीकडून कर, कायदा आणि न्याय येई, तिचा आवाज येण्यास मात्र रात्र पडावी लागे. आणि तो येऊ लागून जेमतेम सव्वाआठ वर्षे झाली तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. भोपाळ येथे आदल्याच दिवशी केंद्र उघडण्यात आले होते. इंदूरचे १९५५ पासून होतेच. बरगीची राजधानी बदलली, आणि नवी राजधानीही मध्यम लहरींच्या दिवसाच्या टप्प्याबाहेरच राहिली. लहरींना राज्याच्या सीमा कळत नाहीत, असे आपण कौतुकाने म्हणतो. कार्यक्रम आखणाऱ्यांना मात्र त्या चांगल्याच कळतात. नागपूरचा आवाज रात्री पूर्वीसारखाच येत राहिला असणार. त्यातील बाजारभाव आणि सरकारी सूचना मात्र आता दुसऱ्या राज्याच्या होत्या.

दरम्यान पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. लहान प्रादेशिक केंद्र काय करू शकते, याची दोन उदाहरणे या एकाच केंद्राने तीन वर्षांत घालून दिली. पहिले सर्वांस ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेल्या गीतरामायणाचे पहिले गीत पुण्याहून प्रक्षेपित झाले, आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. या योजनेमागे केंद्रावरील सीताकांत लाड यांची प्रेरणा होती. मोठ्या राष्ट्रीय केंद्रावर असा वर्षभराचा एका भाषेतील प्रपंच मंजूर झाला असता किंवा नाही, याविषयी मला शंका आहे. ज्याला आपले श्रोते कोण हे नेमके ठाऊक असते, तोच त्यांच्याकडून वर्षभराच्या प्रतीक्षेची अपेक्षा करू शकतो.

दुसरे उदाहरण कमी प्रसिद्ध, पण आपल्या विषयाच्या गाभ्याशी अधिक निकट आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसएक माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. येथवर नवे काही नाही. नवे होते ते अर्ध्या तासानंतर. संच बंद झाला की मंडळी उठून घरी जात नसत. ऐकलेल्या विषयावर बोलत, वाद घालत, आणि मंडळाचा चिटणीस त्या चर्चेचा वृत्तांत व उरलेले प्रश्न लिहून केंद्राकडे धाडी. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. खत कोणते, बियाणे कोठे मिळेल, उंदरांचा बंदोबस्त कसा, असले हे प्रश्न. पण विचारणाऱ्या गावाच्या दृष्टीने प्रश्न लहान नसतो.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल नॉयराथ यांच्या देखरेखीखाली झाली, आणि ती करताना एक शहाणपणाची योजना केली होती. मंडळे असलेल्या गावांबरोबरच, जेथे संच आहे पण मंडळ नाही अशी आणि जेथे संचही नाही अशी गावेसुद्धा तपासली. मंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळक दिसली. नुसता संच असलेल्या गावांत ती पुष्कळ कमी. म्हणजे लहर पोहोचली एवढ्याने काम होत नाही. ऐकलेल्याला परत बोलण्याची वाट असावी लागते. मुंबईच्या कंपनीला जे कळले नाही, मद्रासच्या नगरपालिकेला जे अर्धेमुर्धे उमगले होते, ते पुण्याजवळच्या दीडशे खेड्यांनी प्रथमच मोजून दाखविले. १७ नोव्हेंबर १९५९ पासून ही श्रोतृमंडळे देशभर सुरू करण्यात आली.

तथापि देशभर म्हणजे जेथे प्रादेशिक केंद्राचा आवाज दिवसा, भरवशाने पोहोचतो तेथे. चिटणीसाने प्रश्न पाठवावयाचा आणि उत्तराच्या वेळी आकाशातील थरांच्या लहरीवर अवलंबून राहावयाचे, हे शक्य नसते. जबलपूरला स्वतःचे केंद्र मिळाले ते १९६० नंतरच्या दशकात. तेव्हा बरगी प्रथमच त्या जुन्या तीस मैलांच्या आत आली, भर दुपारीही. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागला. चार सेलांवर चालणारा, खांद्याला अडकवून शेतावर नेता येणारा तो संच कंपनीच्या काळात असता, तर दहा रुपयांच्या परवान्याचा सगळा हिशेबच निराळा झाला असता. पण ट्रान्झिस्टरने एक गोष्ट हळूच मोडली. चावडीतल्या एका संचाभोवती बसणारे वीस जण आता आपापल्या बांधावर, आपापला संच घेऊन ऐकू लागले, आणि वृत्तांत लिहिणारा चिटणीस कोणाला उरला नाही.

नागपूरच्या लहान केंद्राचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९८८ साली राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपूर येथे एक हजार किलोवॅटचा मध्यमलहरी प्रक्षेपक कामास लागला. देशाच्या मध्यावरचे शहर म्हणून ते निवडले गेले, आणि रात्रीच्या आकाशलहरींवर त्याचा आवाज देशाच्या फार मोठ्या भागात ऐकू जाई. मुंबईच्या पहिल्या यंत्राच्या सहाशे पटींहून अधिक ही शक्ती. बरगीला आता नागपूर अगदी शेजारच्या घरासारखे स्वच्छ येऊ लागले. मात्र त्या आवाजात नागपूर नव्हते, वऱ्हाड नव्हते आणि महाकोशलही नव्हता. तो एकाच वेळी सर्वांशी बोलत होता. ही वाहिनी २०१९ च्या आरंभी बंद करण्यात आली.